भिंतीवर चढायचंय? आधी काय घ्यायचं आणि काय घ्यायचंच नाही

जून लागला की सह्याद्रीतले कडे चढाईला बंद होतात. कातळावर शेवाळ धरतं, घळींतून पाणी धावतं, आणि मे महिन्यात ज्या भेगेत बोटं घट्ट बसली होती तिथे आता खेकडे मुक्कामाला आलेले असतात. पणजीच्या आसपास वर्षाकाठी सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. हंपीच्या ग्रॅनाइटवर किंवा बदामीच्या वालुकाश्मावर जायचं म्हटलं तरी चवथ होऊन दसरा उलटावा लागतो, हवा जरा थंड व्हावी लागते. मग उरते ती छपराखालची कृत्रिम भिंत. ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ साली एका पॅसेजच्या भिंतीत दगड बसवून सरावाची सोय केली होती. आज दगडांच्या जागी रंगीबेरंगी रेझिनचे होल्ड, म्हणजे हातापायांना धरायच्या खुंट्या, आले आहेत, एवढाच फरक.

भिंतीवर पहिल्यांदा जाणाऱ्याचा पहिला प्रश्न सामानाचा असतो. ऑनलाइन शोधलं तर हार्नेस, कॅराबिनर, क्विकड्रॉ, हेल्मेट, पंचवीस प्रकारचे शूज असं काय काय समोर येतं, आणि एवढं सगळं घ्यायचं तर हा आपला खेळ नव्हे असं वाटून अनेक जण तिथेच थांबतात. खरं तर यातलं बहुतेक सुरुवातीला घ्यायचं नसतंच.

सामान समजून घ्यायची माझी पद्धत सोपी आहे. त्याचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगाचं काम घर्षण वाढवणं, म्हणजे तुम्हाला भिंतीला चिकटवून ठेवणं. त्यात शूज आणि चॉक. दुसऱ्या ढिगाचं काम, तुम्ही सुटलात तर तुम्हाला झेलणं. त्यात दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), कॅराबिनर (दोर अडकवायचं कडं), बिले डिव्हाइस (खालून दोर आवळून पडणाऱ्याला थांबवायचं साधन) आणि खालच्या गाद्या. पहिल्या ढिगातली वस्तू हलकी निघाली तर तुम्ही दोन होल्ड कमी चढाल. दुसऱ्यातली हलकी निघाली तर हाडं मोडतील किंवा त्याहून वाईट होईल. म्हणून पहिला ढीग स्वतःच्या अंगाला बसेल असा स्वतः घ्यावा, आणि दुसरा, निदान पहिलं वर्षभर, भिंत चालवणाऱ्यांचा वापरावा. त्याची नियमित तपासणी करणं हे त्यांचं काम आहे. ते करतात की नाही हे विचारणं मात्र तुमचं.

यातलं काय लागेल ते तुम्ही कोणत्या भिंतीवर जाता यावर ठरतं. बोल्डरिंगची भिंत साधारण चार-साडेचार मीटरपर्यंत उंच असते, दोर नसतो, खाली जाड गाद्या असतात. तिथे शूज आणि चॉक झाले की सामान संपलं. टॉप रोपमध्ये दोर वर पक्क्या बसवलेल्या अँकरमधून फिरून खाली येतो. एक टोक तुमच्या हार्नेसला, दुसरी बाजू खाली उभं राहून दोर सांभाळणाऱ्या बिलेअरच्या हातात. ऑटो बिलेमध्ये बिलेअरच्या जागी वर टांगलेलं यंत्र असतं. लीडमध्ये चढणारा दोर खालून वर नेतो आणि वाटेतल्या क्विकड्रॉमध्ये, म्हणजे पट्टीने जोडलेल्या दोन कड्यांच्या जोडीत, अडकवत जातो. हे शिकून करायचं काम आहे, पहिल्या महिन्यात त्याचा विचारही नको. ऑलिंपिकमध्ये लोक काही सेकंदांत सरसर वर पळताना दिसतात ती स्पीडची भिंत. ती १५ मीटर उंच आणि ५ अंश पुढे झुकलेली असते, आणि जगभर तिचे होल्ड सारख्याच जागी असतात. टोकियोत हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तेव्हापासून 'आम्हाला ते करायचंय' म्हणणारी मुलं वाढली आहेत. करू द्या, पण ऑटो बिले लावूनच.

शूज: पैसे घालायचेच तर इथे

माडावर चढणारा पाडेली नीट पाहिला आहे का? पायांत दोरीचं वेटोळं अडकवून तो दोन्ही तळवे खोडावर दाबतो आणि सगळं वजन पायांवर घेतो. हात फक्त खोड धरून अंग जवळ ठेवतात. नवशिका भिंतीवर नेमकं याच्या उलट करतो. हातांनी स्वतःला ओढत राहतो, पाय लोंबकळत असतात, आणि दहा मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग दगडासारखा होतो. पायांवर विश्वास बसायला हवा असेल तर पाय घसरता कामा नये. ते काम शूजचं.

साध्या स्पोर्ट्स शूजचा सोल जाड, फेसाळ आणि पुढून गोल असतो. बोटाएवढ्या होल्डवर तो टेकला की खालचा फेस दबतो, पाय गोल फिरतो आणि सुटतो. चढाईच्या शूजचा रबर मऊ आणि चिकट असतो. वजन पडलं की तो होल्डच्या खरखरीत पृष्ठभागावरच्या बारीक उंचसखल जागांत दबून बसतो, आणि हीच त्याची पकड. शूज आवळ असतात त्यामागेही कारण आहे. बोटं पुढच्या टोकापर्यंत पोचून एकत्र दाबली गेली की अंगठ्याचं सगळं बळ एका बिंदूवर उतरवता येतं. आत मोकळी जागा राहिली तर शू होल्डवर राहतो आणि पाय आतल्या आत सरकतो.

पण आवळ म्हणजे किती? दुकानात आणि भिंतीवरही 'दोन नंबर लहान घे' असा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या मते पहिल्या जोडीसाठी हा सल्ला वाईट आहे. एका कंपनीचा ४१ नंबर दुसरीच्या ४२ एवढा निघतो, त्यामुळे आकड्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. घालून बघा. बोटं पुढे टेकलेली आणि किंचित वाकलेली असावीत, टाचेमागे हवेची पोकळी नसावी, आणि पाच मिनिटं उभं राहिल्यावर अस्वस्थ वाटलं तरी कळ येऊ नये. कळ येत असेल तर तो शू घरी पडून राहील. चामड्याचा शू वापरून सैलावतो, कृत्रिम कापडाचा फारसा सैलावत नाही. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि आपल्याकडच्या उकाड्यात तर जास्तच.

आकार तीन प्रकारचे. सपाट तळाचे, थोडे वाकलेले आणि टोकाकडे चांगलेच खाली वळलेले. तिसरा प्रकार छतासारख्या झुकलेल्या भिंतीवर होल्ड पायाने ओढून धरायला बनलेला असतो. उभ्या भिंतीवर शिकणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, त्रास भरपूर. सपाट तळाचा घ्या. बांधणी वेल्क्रोची असेल तर दोन चढायांच्या मध्ये शू पटकन काढता येतो, आणि काढायचाच असतो. ला स्पोर्तिवा (१९२८) आणि स्कार्पा (१९३८) या दोन इटालियन कंपन्या या क्षेत्रातल्या जुन्या. आपल्याकडे सहज सापडतो तो डेकॅथलॉनचा सिमाँड ब्रँड, मूळचा फ्रान्समधल्या शामोनीचा. साध्या जोडीलाही काही हजार रुपये पडतात, त्यामुळे सुरुवातीला भिंतीवरची भाड्याची जोडी वापरावी. आठवड्यातून दोनदा जायची सवय टिकते आहे असं दिसलं की मग स्वतःची घ्यावी. भाड्याची जोडीही नसेल तर पातळ, सपाट तळाचे कॅनव्हास शूज चालतील. फ्लोटर आणि क्रॉक्स मात्र गाडीतच ठेवा.

मोजे बहुतेक जण घालत नाहीत. घातले तर पातळ घाला. शूज घालून भिंतीपासून बाथरूमपर्यंत चालत जाणारे लोक दिसतात. हे किळसवाणं आहे, आणि रबरावर माती-पाणी बसून पकड जाते ते वेगळंच.

चॉक आणि आपली हवा

चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. जिम्नॅस्ट लोक हाताला लावायचे ती ही पांढरी पूड. १९५० च्या दशकात जॉन गिल या अमेरिकन जिम्नॅस्टने ती बोल्डरिंगमध्ये आणली. तिचं काम एकच, घाम शोषणं. त्वचा आणि होल्ड यांच्यामध्ये घामाचा थर आला की हात सुटतो.

'पांढरी पूडच ना, घरात आहे की' म्हणून लोक काय काय घेऊन येतात! फळ्यावरचा खडू कॅल्शियमच्या संयुगांचा असतो, तो तेवढा घाम शोषत नाही. टाल्कम पावडर तर चक्क निसरडी असते. आणि कॅरमची पावडर, जी गोव्यातल्या प्रत्येक क्लबात डबाभर सापडेल, ती बोरिक ॲसिडची. सोंगटी सरकावी म्हणूनच ती बोर्डावर टाकतात. ती हाताला लावून भिंतीवर जाणं म्हणजे स्वतःचीच सोंगटी करून घेणं.

चॉक तीन रूपांत मिळतो. सुटी पूड किंवा वडी, झिरझिरीत कापडात भरलेला गोळा, आणि अल्कोहोलमध्ये कालवलेला द्रव. बंद जागेत सुटी पूड उडते, ती सगळ्यांच्या छातीत जाते. म्हणून अनेक भिंतींवर फक्त गोळा किंवा द्रव चॉकच चालतो. गोव्यासाठी मी द्रव चॉकच्या बाजूने आहे, आणि कारण हवेत आहे. घाम वाळायचा तर आसपासची हवा कोरडी हवी. जुलैमध्ये आपल्याकडे सापेक्ष आर्द्रता नव्वदीच्या घरात असते, हवेत आणखी बाष्प घ्यायला जागाच नसते, त्यामुळे घाम कातडीवर तसाच राहतो. सुटा चॉक तो शोषतो खरा, पण थोड्याच वेळात स्वतः ओला होऊन लगदा होतो. द्रव चॉकमधलं अल्कोहोल दमट हवेतही उडून जातं आणि मागे कोरड्या पुडीचा पातळ, एकसारखा थर ठेवतं. आधी द्रवाचा थर, मग मधून मधून गोळ्याचा हात, हे मिश्रण आपल्या पावसाळ्यात बरं चालतं. हाताला जखम असेल तर मात्र अल्कोहोल चांगलंच झोंबेल.

जास्त चॉक म्हणजे जास्त पकड, हा समज सोडून द्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात चॉकमुळे घर्षण उलट कमी झाल्याचं दिसलं होतं. २०१२ मधल्या दुसऱ्या अभ्यासात ते वाढल्याचं दिसलं. वरवर हे परस्परविरोधी वाटतं, पण थर जाड झाला की सुट्या कणांवरून बोट घसरू शकतं, हे चढणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असतं. म्हणून हात झटकून चढावं, आणि होल्डवर साचलेला पांढरा थर ब्रशने काढावा. जुना टूथब्रश चालतो, तारेचा ब्रश नाही. तारेने होल्डचा खरखरीतपणाच जातो.

चॉक बॅग घरी आल्यावर उघडी ठेवू नका, पूड हवेतली ओल ओढून घेते. झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत भरून ठेवा.

हातांचा विषय निघालाच आहे तर तिथेच थोडं थांबू. नखं कापलेली हवीत. अंगठी काढून ठेवा, मग ती साखरपुड्याची असली तरी. अंगठी होल्डमध्ये अडकली आणि पाय सुटला तर सगळं वजन त्या एका बोटावर येतं, आणि कातडी-मांस सोलून निघण्यापर्यंत मजल जाते. डॉक्टरांकडे या दुखापतीला स्वतंत्र नाव आहे, यावरून काय ते समजा. बांगड्या, कडं, लोंबते कानातले तेही नको. मंगळसूत्र काढायचं नसेल तर निदान आखूड करून टी-शर्टच्या आत टेपने चिकटवावं. दोर असलेल्या भिंतीवर मात्र गळ्यात काहीही नको, असंच मी सांगेन. कपड्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गुडघा छातीपर्यंत उचलता येईल असे काहीही चालतील. मोकळे केस बांधा, बिले डिव्हाइसमध्ये केस अडकले तर ते कापावेच लागतात.

दोर झेलतो तो ताणून

आता दुसरा ढीग. इथे थोडं गणित लागेल, पण सातवीच्या पलीकडचं नाही.

पडणाऱ्या माणसाला इजा होते ती थांबताना, आणि तो किती अंतरात थांबतो यावर धक्का किती बसेल हे ठरतं. समजा, ६० किलोचा माणूस दोर ताठ होईपर्यंत २ मीटर मोकळा पडला. दोर ताणला जाऊन त्याला पुढच्या १ मीटरमध्ये थांबवत असेल, तर त्याच्यावरचं सरासरी बल सुमारे १.८ किलोन्यूटन भरतं. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजनाएवढा भार. म्हणजे क्षणभर १८० किलोंची ओढ, कमरेला आणि मांड्यांना जाणवेल पण सोसेल अशी. आता तोच माणूस न ताणणाऱ्या दोरावर १० सेंटिमीटरमध्ये थांबला तर? तेच बल १२ किलोन्यूटनच्या वर जातं. सव्वा टनाच्या आसपास. इथे दोर तुटला नाही तरी माणूस मोडेल.

म्हणून चढाईचा दोर डायनॅमिक, म्हणजे ताणला जाणारा असतो. आत नायलॉनच्या पिळलेल्या धाग्यांचा गाभा, बाहेर विणलेलं कवच. गाभा ताणतो आणि ऊर्जा पोटात घेतो, कवच घासण्यापासून वाचवतं. ही रचना जर्मनीतल्या एडेलरिड कंपनीने १९५३ मध्ये आणली. युरोपीय मानक ईएन ८९२ नुसार एकेरी दोराला ८० किलोच्या वजनाचे किमान ५ कडक झटके न तुटता सोसावे लागतात, आणि पहिल्या झटक्यात बल १२ किलोन्यूटनच्या आत राहावं लागतं. दोराच्या टोकाशी पट्टी असते, तिच्यावर वर्तुळात १ हा आकडा असेल तर तो एकेरी वापरायचा दोर.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण पणजीजवळच्या मालिमच्या मासेमारी जेट्टीवर आहे. ट्रॉलरचे दोर जाड असतात, मजबूत असतात, स्वस्त असतात, आणि 'यावर अख्खी बोट बांधतात, माणूस काय चीज आहे' हा युक्तिवाद पटण्यासारखाही असतो. पण बोट बांधायला दोर तुटता कामा नये एवढंच लागतं. पडणाऱ्याला झेलायला तो ताणावा लागतो, आणि किती ताणेल याची कसोटी झालेली असावी लागते. रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, वापरतात तो जवळपास न ताणणारा स्टॅटिक दोरही लीडला चालत नाही. काही भिंतींवर टॉप रोपला कमी ताणणारा दोर दिसेल. तिथे दोर सतत वरून ओढलेला असतो, मोकळं पडणं जवळपास नसतं, म्हणून ते चालतं.

हार्नेसमध्ये कमरेचा पट्टा, दोन मांड्यांचे पट्टे, आणि दोन्हींना जोडणारा पुढचा उभा लूप असतो. तोच बिले लूप. पट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, आणि उलटं झालात तरी खाली सरकून निघता कामा नये. शर्टावरून घट्ट करा, आत दोन बोटं जातील एवढीच फट ठेवा. मानकानुसार बसक्या हार्नेसला १५ किलोन्यूटन सोसावे लागतात, म्हणजे दीड टन. पण हा आकडा नव्या हार्नेसचा. टॉड स्किनर हा अमेरिकेतला नावाजलेला, मुरलेला चढाईवीर २००६ साली योसेमिटीमध्ये मरण पावला तो झिजलेला बिले लूप तुटल्याने. कापडी सामान झिजतं आणि संपतं, हे ज्याला सगळ्यात चांगलं ठाऊक असणार अशा माणसाची ही गोष्ट आहे. पेट्झलसारख्या कंपन्या कापडी आणि प्लास्टिकच्या सामानाला जास्तीत जास्त १० वर्षांची मुदत देतात, आणि तीही न वापरता पडून असलं तरीची. रोज दहा जणांच्या कमरेला लागणारा भाड्याचा हार्नेस त्याच्या कितीतरी आधी निवृत्त व्हायला हवा. शिवणीचे धागे सुटलेत का, बिले लूपवर लव आली आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. भिंतीवाल्यांना राग आला तर येऊ द्या.

बारा-तेरा किलोच्या लहानग्यांना बसका हार्नेस नको. त्यांची कंबर अजून भरलेली नसते, डोकं वजनाने जड असतं, आणि दोरावर लटकताना मूल उलटं होऊन निसटू शकतं. खांद्यांवरून येणारा पूर्ण अंगाचा हार्नेस मागा.

कॅराबिनर म्हणजे स्प्रिंगच्या फाटकाचं ॲल्युमिनियमचं कडं. त्याच्या कण्यावर बारीक अक्षरांत तीन आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने साधारण २० किलोन्यूटन किंवा जास्त, आडव्या दिशेने ७ च्या आसपास, आणि फाटक उघडं असताना तेवढेच किंवा थोडे कमी-जास्त. म्हणजे तेच कडं आडवं फिरलं किंवा उघडं राहिलं तर त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून बिलेसाठी नेहमी लॉकचं कॅराबिनर वापरतात, आणि स्क्रू फिरवला की दाबून बघतात. चावी अडकवायला म्हणून बाजारात मिळतं ते कडं दिसतं अगदी असंच, पण त्यावर आकडे नसतात.

बिले डिव्हाइस दोराला वाकवून घर्षणाने थांबवतं. साधी नळीसारखी साधनं पूर्णपणे बिलेअरच्या हातावर चालतात. पेट्झलची १९९१ मध्ये आलेली ग्रिग्री आणि तिच्यासारखी इतर साधनं झटका बसला की दोर आत चिमटून धरतात. त्यामुळे एक नवाच धोका तयार झाला आहे. 'ते आपोआप लॉक होतं' असं समजून लोक ब्रेकचा, म्हणजे डिव्हाइसमधून निघणारा दोर धरून ठेवणारा हात सोडतात आणि मोबाइल बघतात. ग्रिग्री मदत करते, जबाबदारी घेत नाही. ब्रेकच्या बाजूचा हात दोरावरून निघायचा नाही, कधीच नाही.

आणि गाठ. हार्नेसला दोर बांधायची आठाची गाठ कोणीही शिकवेल. ती अर्धवट राहते तेव्हा काय होतं याचं उदाहरण लिन हिल यांचं आहे. १९८९ मध्ये, जगातल्या सर्वोत्तम चढणाऱ्यांपैकी एक असताना, त्या फ्रान्समध्ये ब्यूच्या कड्यावर गप्पांच्या नादात गाठ पूर्ण न करता चढल्या आणि वरून खाली येताना वीसेक मीटर पडल्या. झाडाच्या फांद्यांनी झेललं म्हणून वाचल्या, आणि नंतर पुन्हा शिखरावर गेल्या. म्हणूनच चढण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ, बकल, लॉक हाताने तपासायची असते. ओळखीतला माणूस असला की लोक हे लाजेने टाळतात. मामेभावाची गाठ तपासण्यात अपमान कसला?

ऑटो बिलेच्या बऱ्याच यंत्रांत चुंबकं असतात. चकती चुंबकांमधून जितकी जोरात फिरेल तितका तिला जास्त अवरोध होतो, त्यामुळे तुम्ही सुटलात तर एकसारख्या, बेताच्या वेगाने खाली येता. यंत्र भरवशाचं आहे. त्यावरचे गंभीर अपघात बहुतेकदा यंत्र बिघडून होत नाहीत, माणूस क्लिप लावायचाच विसरतो म्हणून होतात. एकट्याने, दहाव्यांदा, कानात गाणी लावून चढताना असं होतं. हेडफोन घरी ठेवा.

बोल्डरिंगच्या गाद्यांबद्दल एकच सांगतो. गादी जाड असली तरी पडायला शिकावं लागतं. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, मागे गोलाकार लोळायचं, हात छातीशी. मागे हात टेकून स्वतःला सावरायला गेलात की मनगट किंवा कोपर जातं. आणि कोणी चढत असताना त्याच्याखाली पाण्याची बाटली ठेवून बसू नका.

दमट घरात सामान कसं टिकवायचं

हवा कोरडी असलेल्या देशांत लिहिलेल्या सल्ल्यांत आपल्या अडचणी नसतात. आपल्याकडे आठवडाभर बॅगेत राहिलेला शू हिरवा होतो. घरी आल्यावर लगेच बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा गाडीच्या काचेमागे नको, उष्णतेने सोलचा डिंक सुटतो. हार्नेस घामाने भिजतो, तो साध्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. नायलॉन ओलं असताना कमकुवत असतं, त्यामुळे ओला दोर वापरायचा नाही आणि ओला गुंडाळून ठेवायचा तर मुळीच नाही. उन्हातली अतिनील किरणंही नायलॉनला खातात.

मिरामार किंवा कळंगुटच्या बाजूला राहणाऱ्यांच्या कॅराबिनरवर काही महिन्यांत पांढरी भुकटी दिसेल, ती खारट वाऱ्याची. गोड्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, फाटकाच्या सांध्याला थोडं वंगण लावा आणि जास्तीचं पुसून टाका. समुद्रकाठच्या कड्यांवर हा प्रश्न फार मोठा होतो. थायलंडच्या किनाऱ्यावर स्टेनलेस स्टीलचे बोल्टही क्षारांमुळे आतून तडकले आणि त्यांच्या जागी टायटॅनियमचे बसवावे लागले. भिंतीच्या आत एवढी वेळ येत नाही, पण उघड्या शेडमधली भिंत समुद्राजवळ असेल तर वरचे अँकर कधी बदलले हे विचारायला हरकत नाही.

सगळ्यात फसवा शत्रू मात्र घरातच असतो, इन्व्हर्टरची बॅटरी. तिच्यात सल्फ्युरिक ॲसिड असतं, आणि ते नायलॉनला आतून खातं. धागा वरून ठीकठाक दिसू शकतो आणि भार आला की तुटतो. दोर किंवा हार्नेस इन्व्हर्टरच्या कोनाड्यात, जुन्या बॅटरीशेजारी, किंवा बाथरूम साफ करायच्या ॲसिडच्या बाटलीजवळ ठेवू नका. शंका आली तर ते सामान बाद.

सेकंडहँडबद्दलही हेच. कोणाचे कमी वापरलेले शूज मिळाले तर खुशाल घ्या, अंगठ्याखालचा रबर पातळ झाला नसला म्हणजे झालं. तो झिजलाच तर नवा सोलही बसवता येतो. कॅराबिनरवर खोल चरे नसतील आणि देणारा ओळखीचा असेल तर विचार करा. हार्नेस आणि दोर मात्र दुसऱ्याचा कधीच घेऊ नका. तो कुठे ठेवला होता, कशावर घासला, कोणत्या पिशवीत कशाशेजारी पडून होता, हे विकणाऱ्यालाही आठवत नसतं. तुमचा स्वतःचा हार्नेस मुदत संपून बाद झाला की कोणाला देऊ नका, भंगारातही टाकू नका. आधी कात्रीने बिले लूप आणि कमरेचा पट्टा कापा, म्हणजे तो पुन्हा कोणाच्याच कमरेला लागणार नाही. बाद दोराचे तुकडे करा, पावसाळ्यात पडवीत कपडे वाळत घालायला ते उत्तम असतात.